मुलाचा ताबा : सुरुवात संयुक्त ताब्यापासूनच का नको?

ठाणेकर_बाबा : घटस्फोट झाला की मूल एकाकडे जातं आणि दुसऱ्याच्या वाट्याला ‘ॲक्सेस’ येतो. आठवड्याला काही तास, दिवाळी-मेच्या सुट्टीतले निम्मे दिवस. माझी लेक मला कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेटते. तिची भीड चेपून ती शाळेतलं काही सांगायला लागते, तोवर निघायची वेळ होते. कोर्टाने संयुक्त ताबाच, म्हणजे मूल दोघांकडेही, धरून चालावं. ज्याला नको असेल त्याने कारण दाखवावं. विधी आयोगानेही २०१५ च्या २५७व्या अहवालात हेच सुचवलंय.

मुक्ता_नाशिक : नाही, हे सुचवलेलं नाही. संयुक्त ताब्याची सोय कायद्यात आणा म्हटलंय, पण तो गृहीत धरू नका, मुलाचं हित बघा, असंही म्हटलंय. मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईने दर आठवड्याला त्याच माणसाच्या दारात मूल सोडायला जायचं? आणि कारण दाखवायला पुरावा कुठून आणायचा?

ठाणेकर_बाबा : मारहाण असेल तिथे नकोच. पण जिथे तसा आरोपसुद्धा नाही, तिथे?

वकील_कोल्हापूर : मूल राहणार कुठे हा एक प्रश्न; शाळा, ऑपरेशन, पासपोर्ट यांचे निर्णय कोण घेणार हा दुसरा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, पण नैसर्गिक पालक, म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेणारा, आधी बाप. बाप हयात असूनही लक्ष घालत नसेल तर आई पालक ठरू शकते, हे १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं. माझ्या मते निर्णय दोघांचे असावेत, घर एकच. एका अशिलाच्या सहावीतल्या पोराचं दप्तर या घरी, गणिताची वही त्या घरी. शाळेत ओरडा खाल्ला पोराने.

मुक्ता_नाशिक : निर्णय दोघांचे म्हणजे सह्या दोघांच्या. सही अडवून धरली की शाळेचा दाखलासुद्धा निघत नाही, हे बहिणीच्या घरी बघितलंय.

ठाणेकर_बाबा : मग आदेशातच लिहा, मुदतीत उत्तर आलं नाही तर एकाची सही पुरे. मला निदान रविवारचा मुक्काम द्या, सोमवारी तिला शाळेत सोडू दे.

वकील_कोल्हापूर : मुक्कामाचा अर्ज आजही करता येतो. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो.

मुक्ता_नाशिक : मुक्कामाला माझी ना नाही. पण आधी लेकीला विचारा. समजत्या मुलाची इच्छा विचारात घ्यायची सोय १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यापासून आहे.