स्कियापरेली आणि दाली: पोशाख नेमका कोणाचा?

प्रश्न
फॅशन डिझायनर एल्सा स्कियापरेली यांच्या १९३७ सालच्या पांढऱ्या रेशमी पोशाखावर चित्रकार साल्वादोर दाली यांनी रेखाटलेला मोठा लाल लॉबस्टर आहे, आणि त्या पोशाखाचा उल्लेख अनेकदा केवळ दालींची कलाकृती म्हणून झालेला मी वाचते. दोघांच्या मैत्रीतून घडलेल्या अशा वस्तूत डिझायनरचा वाटा कसा ओळखावा?

प्रतिसाद १
लॉबस्टरचे चित्र कापडावर उमटवलेले असल्यामुळे तिथे हे ठरवणे कठीण आहे. त्यापेक्षा स्कियापरेलींच्या १९३८ च्या ‘सर्कस’ या पोशाखसंग्रहातील सांगाड्याचा पोशाख पाहावा. हाडे शरीराच्या बाहेर आणण्याची कल्पना दालींच्या रेखाटनात आहे. पण काळ्या रेशमी क्रेपवर फासळ्या आणि कणा उठून दिसतात ते ट्रापुंटो पद्धतीमुळे. त्यात कापडाच्या दोन थरांवर आकाराची बाह्यरेषा शिवतात आणि मागच्या थरातून आत कापूस भरतात. अंगासरशा पोशाखात ही भरणी कमी पडली तर हाड दिसतच नाही, आणि जास्त झाली तर शिवण ओढली जाते. हा अंदाज कागदावर येत नाही, तो शिवणाऱ्या हातालाच असतो.

प्रतिसाद २
हे पटते, तरीही कल्पनेचे मोल कमी लेखू नये. १९३३ सालच्या एका छायाचित्रात दाली पत्नी गाला यांचा बूट डोक्यावर घेऊन उभे आहेत. टाच वर केलेल्या बुटाच्या आकाराची फेल्टची टोपी पुढे स्कियापरेलींनी केली, तिचे मूळ त्यातच आहे.

प्रतिसाद ३
माझ्या मते तुलना फॅशन डिझायनर इव्ह सें लोराँ यांच्या १९६५ सालच्या, चित्रकार मोंड्रियान यांच्या चित्रांवर बेतलेल्या मोंड्रियान पोशाखाशी करावी. रंगीत जर्सी कापडाचे तुकडे जोडताना शरीराचा घाट त्यांनी शिवणींच्या रेषांत लपवला; शिवणकाम म्हणून ते अप्रतिमच आहे. परंतु मोंड्रियान १९४४ मध्येच निवर्तले होते, त्यामुळे चित्र मुकाट्याने कापडावर आले. याउलट, लॉबस्टरच्या पोशाखावर खरे मेयोनेझ पसरावे असा दालींचा आग्रह होता आणि स्कियापरेलींनी तो मानला नाही, असे सांगितले जाते. मला त्यांची मैत्री या नकारात सर्वाधिक जाणवते, कारण त्यानंतरही दोघे एकत्र काम करत राहिले.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. माझ्या टिपणात आता दोन्ही नावे बरोबरीने येतील, आणि सांगाड्याच्या पोशाखापुढे ट्रापुंटोची नोंदही असेल.