छातीच्या आवाजावरून सीओपीडीचे चढउतार: रोजचे निकाल का बदलतात?

प्रश्न (ध्वनीवेडा): सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणारा फुप्फुसाचा आजार) रुग्णांच्या छातीचे आवाज घरीच रोज डिजिटल स्टेथोस्कोपने घेतो. सॅम्पलिंग ४ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४,००० नमुने), फिल्टर १०० ते १८०० हर्ट्झ, स्पेक्ट्रोग्रामची (आवाजातल्या कंपनसंख्यांचं वेळेनुसार चित्र) विंडो, म्हणजे एका वेळी तपासला जाणारा तुकडा, ६४ मिलिसेकंद. आवाज ओळखणारं मॉडेल आयसीबीएचआय २०१७ या श्वसनाच्या आवाजांच्या खुल्या संचावर शिकवलंय, तिथे गुण उत्तम. पण आमच्याकडे त्याच रुग्णाला आज व्हीझ (शिट्टीसारखा सूर), उद्या नॉर्मल. क्रॅकल (क्षणिक तडतड) तर जवळजवळ सापडतच नाहीत.

फुप्फुसनाद: आधी गुण तपासा. त्या संचात रेकॉर्डिंग ९२०, पण माणसं १२६च. शिकवण्यासाठी आणि चाचणीसाठी रेकॉर्डिंगची वाटणी सरमिसळ करून केली असेल तर एकाच माणसाचे आवाज दोन्हीकडे गेले आणि मॉडेल आजाराऐवजी माणूस ओळखायला शिकलं. शिवाय ती रेकॉर्डिंग वेगवेगळ्या उपकरणांवरची आहेत, म्हणजे उपकरणाचा ठसाही ते पाठ करू शकतं. वाटणी रुग्णानुसार करा, एक उपकरण पूर्ण बाजूला ठेवून चाचणी घ्या. गुण धाडकन पडतील, पण खरे तेच.

नळी_आणि_पडदा: माझा संशय श्वासावर. प्रवाह वाढला की आवाज त्याहून झपाट्याने वाढतो, आणि जोर लावून श्वास सोडला तर निरोगी छातीतही व्हीझ येते. जमलं तर प्रवाहाचा शिखरबिंदू सेकंदाला १ ते १.५ लिटर ठेवा. बसवून, तोंडाने, ७-८ श्वास. जागा पक्की: पाठीवर खवाट्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) खाली, दोन्ही बाजूंना. सुरुवातीला दोनदा खोकायला लावा. कफ सरकला की जाड क्रॅकल जागा बदलतात किंवा गायबच होतात. इनहेलर आधी की नंतर, हे न लिहिलेलं रेकॉर्डिंग तुलनेला निकामी. स्टेथोस्कोपचा पडदा उघड्या त्वचेवरच, कारण कपडा आणि केस घासले की हुबेहूब क्रॅकल!

फुप्फुसनाद: क्रॅकल हरवण्याचं कारण विंडो. व्हीझ साधारण १०० मिलिसेकंद किंवा जास्त टिकते, तिला ६४ चालतात. बारीक क्रॅकल १० मिलिसेकंदांच्या आत संपतो. एवढ्या लांब विंडोत तो पुसट होऊन जातो. त्याच्यासाठी वेगळा मार्ग ठेवा: छोटी विंडो, किंवा सरळ तरंगरूपावर शोध. फार तीव्र उताराचा फिल्टरही नको, त्याचे पडसाद क्रॅकलचा आकार बिघडवतात.

ध्वनीवेडा: स्टेथोस्कोप ब्लूटूथने फोनला जोडलाय, फोनचं नॉइज सप्रेशन चालू आहे. ते कारण असेल?

नळी_आणि_पडदा: अगदी असू शकेल. ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं. एकसारखा टिकणारा सूर त्याला गोंगाट वाटतो आणि व्हीझवरच कात्री चालते. आपोआप आवाज वाढवणारी सोयही बंद करा, नाहीतर तीव्रतेची तुलना संपली. फाइल वेव्हमध्येच (न दाबलेल्या मूळ स्वरूपात) साठवा.

आणि तब्येत बिघडल्याचा इशारा "व्हीझ वाढली"वर बेतू नका. झटका तीव्र असला की हवाच पुरेशी हलत नाही, छाती शांत होते आणि मॉडेल खुशाल नॉर्मल म्हणतं. प्रत्येकाची तुलना त्याच्याच स्थिर दिवसांशी करा. सोबत श्वसनगती, ऑक्सिजन आणि दम किती लागतो याची नोंद हवी. दम वाढलाय आणि आवाज घटलाय, तर मॉडेलला न विचारता डॉक्टरांकडे.