पहिल्या वर्षाला आयएस-एलएम हवंच कशाला?

कर्वेरोडवाला
धाकट्या बहिणीची समग्रलक्षी अर्थशास्त्राची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. काल वही घेऊन आली. आयएस (वस्तूंच्या बाजाराची रेषा) खाली उतरणारी, एलएम (पैशाच्या बाजाराची) वर चढणारी, बाण लाल पेनाने, सगळं चोख. मी सहज विचारलं, "रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, वाढला तर आपल्या फ्लॅटच्या हप्त्याचं काय होईल?" तिने एलएम डावीकडे सरकवली, जरा वेळ आकृतीकडे बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

चूक तिची नाही. त्या आकृतीत मध्यवर्ती बँक पैशाचा साठा ठरवते आणि व्याजदर आपोआप निघतो. आपल्याकडे उलटं आहे. 2016 पासून सहा जणांची समिती रेपो दर ठरवते आणि रोकड त्यामागे जुळवून घेतली जाते. हिक्स या अर्थतज्ज्ञाने हे प्रकरण 1937 साली मांडलं, आणि म्हातारपणी त्यानेच त्याला वर्गात वापरायचं साधन म्हणून बाजूला सारलं. आपण मात्र अजून घोटून घेतोय. माझं मत: पहिल्या वर्षाला एलएम काढून टाका, आकड्यांपासून सुरुवात करा.

निवृत्त_मास्तर
हिक्स "वर्गातलं साधन" म्हणाला. बरं मग? पहिलं वर्ष वर्गातच भरतं ना?

तीस वर्षं शिकवलंय, म्हणून सांगतो. ही आकृती नसेल तर पोरं गुणक शिकतात आणि तिथेच थांबतात: सरकारने खर्च केला, उत्पन्न वाढलं, संपलं. त्या खर्चाने व्याजदर चढला तर खाजगी गुंतवणूक मागे सरते, हे दोन बाजार एकत्र ठेवल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. आणि रेपोच हवा असेल तर एलएम आडवी काढा, दर ठरलेला म्हणून रेषा सपाट. वीस सेकंदांचं काम, त्यासाठी अभ्यासक्रम जाळायची गरज नाही.

कर्वेरोडवाला
सर, वीस सेकंदांचंच काम असेल तर रोखता पसंतीवर (लोक पैसा रोख का धरून ठेवतात) तीन आठवडे का जातात?

2023 चं बघा. जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला, महागाई 7.44 टक्क्यांवर. समितीला घालून दिलेली वरची मर्यादा 6. पुस्तकाप्रमाणे दर वाढायला हवा होता. ऑगस्टच्या बैठकीत तो 6.5 वरच ठेवला. का? हा प्रश्न पहिल्याच तासाला विचारा, वर्ग जागा होईल.

शून्य_तूट
तपशिलात गडबड आहे. बैठक संपली 10 ऑगस्टला, 7.44 चा आकडा आला 14 ऑगस्टला. समितीसमोर तो नव्हताच. (असले धागे वाचताना मी कॅलेंडर उघडून बसतो, इलाज नाही.)

कर्वेरोडवाला
मान्य. पण टोमॅटोचा भाव तर रोज मंडईत दिसत होता. ऑगस्टचा 6.83 समोर असूनही ऑक्टोबरमध्ये दर तसाच राहिला. भाजीची महागाई पीक आलं की उतरते, व्याजदराने टोमॅटो पिकत नाहीत. बैठकीनंतर सप्टेंबरचा आकडा आला, 5.02. महागाई मोजायच्या 2012 पायावरच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन जवळजवळ 46 टक्के होतं. हे कळल्याशिवाय आपली महागाई कळत नाही, आणि कुठल्याच वक्ररेषेत ते दिसत नाही.

बार्शी_ते_पुणे
मी वेगळं बोलतो. बारावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्यात आलो तर वर्गात एकदम इंग्रजी. प्राध्यापक बोलायचे त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं, आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या मराठी गाईडातले शब्द वर्गातल्या शब्दांशी जुळायचे नाहीत. पहिलं सत्र आकृत्यांवर तरलं. रेषा कुठे सरकली हे बघायला इंग्रजी लागत नाही. तुम्ही म्हणता तशी रेपोवर चर्चा ठेवली असती तर शहरातली चार मुलं बोलली असती आणि आम्ही मागच्या बाकावर माना डोलावल्या असत्या. आकृती काढून टाकणं तुम्हाला परवडेल.

कर्वेरोडवाला
हे मला सुचलंच नव्हतं. एलएम काढा हे मागे घेतो. आधी शिकवू नका, एवढं राहू दे.

निवृत्त_मास्तर
चला, निम्मे तरी आलात.

तुळशीबागवाली
बँकेत कर्ज विभागात आहे, म्हणून बहिणीसाठी एक गणित. समजा, 40 लाख, 20 वर्षं, 6.75 टक्के. हप्ता साधारण 30,400. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो 4 वरून 6.5 झाला. कर्ज रेपोला जोडलेलं असेल तर तुमचा दर 9.25. मुदत तीच ठेवली तर हप्ता 36,600 च्या घरात. बरेच लोक काउंटरवर म्हणतात, "मॅडम, हप्ता तोच ठेवा, वर्षं वाढवा." पण नव्या कर्जात 9.25 ने महिन्याचं नुसतं व्याजच 30,833 होतं.

कर्वेरोडवाला
बहीण शेजारी बसून वाचतेय. विचारतेय, व्याजच हप्त्यापेक्षा जास्त झालं तर मुद्दल वाढत जाणार का?

तुळशीबागवाली
हो. म्हणून तिथे हप्ता वाढवावाच लागतो. ती जादाची 6,200 घरखर्चातून जाणार, हे तिला आयएसवर कुठे दाखवायचं ते मास्तरांना विचारा.