मदत हवी आहे: माझे रंग, माझं अत्तर कसं ठरवू?

नमस्कार मंडळी. आजवर कपडे आई-ताईच्या पसंतीने घेतले, आता स्वतःची आवड ओळखायची आहे. गर्द जांभळी इरकल, तिचा लाल-पांढरा टोप पदर आणि खणाचं ब्लाउज घातलं की मन प्रसन्न होतं. फिकट रंगांत मात्र चेहरा उतरलेला दिसतो. म्हणजे गडदच घ्यावेत का?

खरी अडचण अत्तराची आहे. स्प्रेने शिंका येतात. खस फार आवडतं, पण ते उन्हाळ्याचं. पावसाळ्यात कनौजचं मिट्टी अत्तर (ओल्या मातीच्या वासाचं) कसं वाटेल? हिना अत्तराचा वास रोज ऑफिसला भारी पडेल का? मनगटावर लावलेला थेंब तासाभराने वेगळाच दरवळतो, म्हणून दुकानात उभ्या उभ्या ठरवता येत नाही. पुण्यात अगदी छोटी कुपी देणारे अत्तरवाले कुणाला माहीत आहेत का? तुम्ही तुमचं कसं ठरवलंत, तेही नक्की सांगा.