राजी देखणा आहे, पण खेळायला घेतला की जीव जातो

पऱ्हाटीवाला (दर्यापूर): काल एकानं लिहिलं, 'राजी हा पुण्याच्या पोरांनी केलेला आपल्या मातीतला व्हिडिओ गेम. त्याला नावं ठेवणाऱ्यांना कदरच नाही.' वाचून राहवलं नाही. चित्रांबद्दल तक्रार नाही. पहाडी चित्रांसारख्या भिंती, गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या, वरून बोलणारे दुर्गा आणि विष्णू. मी लढाई सोडून नुसता महाल बघत उभा राहायचो. पण राक्षस आले की सगळं बिघडतं. गेम ज्या कोनातून दिसतो तो कॅमेरा आपल्या हातात नाही, आणि तोही लांबून. खांबाला गरकन फिरून त्रिशूळ हाणावा, तर गर्दीत राजी, म्हणजे आपण खेळवतो ती पोर, कुठं तेच कळत नाही, तोवर मागून फटका. पुन्हा तेच, पुन्हा तेच. राक्षसांनी पळवलेल्या तिच्या भावाला, गोलूला, सोडवायला एवढा घाम गाळला आणि गोष्ट ऐन मोक्यावर तुटते.

चिखलीकर: कॅमेरा मुद्दाम तसा ठेवलाय. तो फिरवता आला असता तर ते चित्र राहिलंच नसतं. आणि 2017 ला किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करायच्या साइटवर, त्या पोरांची रक्कम जमली नव्हती, तरी 2020 ला गेम आणला. परदेशी कंपन्यांच्या बजेटशी तुलना कशाला?

पऱ्हाटीवाला: तुलना मी केलीच नाही. कष्ट मला मान्य. पण सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेलो, तर माझे कष्ट बघून कुणी ओलावा मोजायचं सोडतं का? मीही पैसे मोजलेत.

लोणारचा: राजेहो, कॅमेऱ्याचं राहू द्या. मले सांगा, महाल सारे राजस्थानच्या वळणाचेच काऊन? राक्षसाचीच गोठ हाये, तं आमच्या लोणारले विष्णूनं लवणासुराले मारलं म्हणतात, दैत्यसूदनाचं देऊळ हाये. लहानपणी बाबानं मले बॅटरी धरून त्याचं छत दाखवलं होतं. अंधारातून एकेक मूर्ती उजेडात येत होती. त्या दिवसापासून मले वाटते, याच्यावर कोणीतरी काही करावं. पुण्यातल्या लोकायले राजस्थान दिसते, लोणार दिसत नाई.

चिखलीकर: झालं, आला विदर्भावरचा अन्याय. मीही बुलढाण्याचाच आहे. पण गेम जगासाठी केलाय, त्यांना जे भावलं ते घेतलं.

लोणारचा: जगातून लोक विवर पाह्यले येतात भाऊ! दोनेक किलोमीटरचा खड्डा, आत खारं पाणी, काठावर देवळं. तुम्ही जिल्ह्याचे असून शेवटचे कधी उतरले होते आत?

चिखलीकर: वैयक्तिक होऊ नका. माझं सासर मेहकरचं आहे, दर दिवाळीला जातो.

वैनगंगाकाठ: लोणारवरच का थांबता? आमच्या गडचिरोलीतल्या मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडं वळते, आणि काठावरच्या देवळांच्या भिंतींवर कोरल्याशिवाय हातभर जागा नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेला आजी मला खांद्यावर घेऊन जायची. तिथं राजीसारखी पोर भिंतीवरून पळताना मला आत्ताच दिसते.

लोणारचा: मार्कंडाही घ्या, आमची ना नाई. पण आधी लोणार.

पऱ्हाटीवाला: अरे, धागा खेळण्याबद्दल होता. देऊळ कुठलंही घ्या, हात अडकला तर खेळणारा तिथून पळणारच.

चिखलीकर: बरं, एक सांगतो. पुतणीला मोठ्या हौसेनं दिला होता. दहा वर्षांची आहे. गोल चकत्या फिरवून चित्र जुळवायची कोडी तिनं आवडीनं सोडवली. लढाईत चार वेळा मेली आणि कंट्रोलर ठेवून उठली. 'काका, तूच खेळ, मी बघते,' म्हणाली. लढाई जमली नाही, एवढं कबूल. पण गेम वाईट म्हणणार नाही.

पऱ्हाटीवाला: वाईट मीही म्हटलं नव्हतं. पोरीला बघत बसावं लागलं, तेच मला सलतं.

लोणारचा: मंग लोणारचा होईल तो धड खेळता येईल असा करा म्हणा.

पऱ्हाटीवाला: आणि त्यात कॅमेरा आमच्या हातात द्या. विवरात उतरताना मान वर करून काठ बघता आला पाहिजे.