मदत हवी आहे : स्काऊटचा बेसिक कोर्स कुठे करायचा? (अर्जंट)

कंधारी_वायरमन : दिवाळीनंतर मुलांचा दोन दिवसांचा कॅम्प आहे. शाळेतले लोक म्हणायलेत, आधी बेसिक करून या. मराठवाड्यात कुठे होतो, किती दिवसांचा, फॉर्म कुठे मिळतो? लवकर सांगा. गुगलवर नुसते फोटो येऊ लागलेत.

गोदाकाठ : कोणाचा बेसिक? कब (लहान पोरं) मास्तरचा वेगळा, स्काऊट मास्तरचा वेगळा, रोव्हरचा (मोठी पोरं) तिसराच. मुलं कितवीची? तुम्ही शिक्षक आहात का?

दोरखंड : बेसिकच करायचा तर गिर्यारोहणाचा करा, उत्तरकाशीला जा भाऊ. २८ दिवस. बर्फ, दोर, कडे सगळं शिकवतात. मी केलाय. माणूस बदलून येतो.

गोदाकाठ : कंधारचा किल्ला जमिनीवर आहे, भोवती खंदक. तिथं बर्फाचं काय करायचं यांनी?

दोरखंड : गौताळा अभयारण्यात न्या मग. फक्त वनखात्याची परवानगी आधी काढा, आमचा एक ग्रुप गेटवरूनच परत आला होता.

कंधारी_वायरमन : जागा ठरलेली आहे. जागा विचारलीच नाही मी. मुलं सातवी-आठवीची. मी शिक्षक नाही, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझं पोरगं त्या शाळेत आहे, म्हणून मदत करायलो.

लेफ्टनंट_साहेब : एनसीसीत या! आमचं कामठीचं ट्रेनिंग बघा, शिस्त म्हणजे काय ते तिथं कळतं.

गोदाकाठ : साहेब, कामठीला शाळा-कॉलेजचे एएनओ, म्हणजे एनसीसी बघणारे शिक्षक जातात. यांचं दुकान आहे, वर वाचा की.

निवृत्त_गुरुजी : दुकानदार असलात तरी अडत नाही. वय १८ च्या पुढं हवं, आणि पथक हवं. शाळेचं नसेल तर ओपन पथक काढता येतं. बेसिक साधारण आठवडाभराचा, निवासी. पुढं पथक चालवायचं, मग अॅडव्हान्स, त्यानंतर हिमालय वूड बॅज, म्हणजे स्काऊट मास्तरांचा वरचा बिल्ला. त्याचे दोन मणी गळ्यात पडायला मला बरीच वर्षं लागली. पण दिवाळीपर्यंत कोर्स लागेलच असं धरून चालू नका. मुलं किती?

कंधारी_वायरमन : ३२. त्यात मुली ११.

मन्याडची_लेक : हे आता सांगताय दादा? मुलींसाठी गाईड कॅप्टन लागते, बाई माणूस. शाळेतल्या एखाद्या बाईंना आत्ताच विचारा, नाहीतर कॅम्प मुलांचाच करा. हे आधी सोडवा, कोर्सचं नंतर.

कंधारी_वायरमन : बाई आहेत, त्या येतो म्हणाल्यात. खरं सांगू का, मागच्या सहलीत एक पोरगं दीड तास सापडत नव्हतं. मी शिट्ट्या मारून घसा बसवला. शेवटी बुरजामागं झोपलेलं निघालं. तेव्हापासून झोप नाही मला. म्हणून कोर्स.

दोरखंड : शिट्टी मारून घसा कसा बसतो?

निवृत्त_गुरुजी : ते राहू दे. भाऊ, २१ मुलांचे सात-सातचे तीन संघ करा. प्रत्येकाला संघनायक, तो निवडायचा मुलांनी. मोजायचं काम त्याचं. तुम्ही २१ नाही मोजायचे, तिघांना विचारायचं. मुलींचंही तसंच, बाईंकडं दोन संघ. स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं १९०७ ला इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर वीसेक पोरांचे चार संघच केले होते. बेसिकमध्ये सात दिवस हेच घोटून घेतात, तुम्हालाच संघात बसवून. आपण पन्नाशीचे, भांडी घासायला कोण म्हणून भांडतो, तेव्हा पोरांचं कळतं.

गोदाकाठ : गुरुजी, संघनायक पोरांनी निवडला की सगळ्यात दांडगा पोरगा निवडून येतो. आमच्याकडं दर वेळी तेच.

निवृत्त_गुरुजी : येऊ द्या. त्याच्या हाताखाली उपनायक शांत पोरगा द्या. दांडग्याला गिनतीची वही दिली की तो पळून जात नाही.

मन्याडची_लेक : आणि पाणी प्रत्येकाची स्वतःची बाटली, टँकरच्या भरवशावर राहू नका. पिठलं-भाकरी बेस.

कंधारी_वायरमन : फॉर्मचं राहिलंच की.

निवृत्त_गुरुजी : नांदेडला जिल्हा संघटकांना भेटा, स्काऊटचे. शाळेचं पत्र आणि बाईंना सोबत न्या. बाईंना गाईडचा कोर्स तिथंच विचारता येईल.

दोरखंड : बुरजामागं झोपलेला तो पोरगा संघनायक करा.