बास्केटबॉल : बचाव करणाऱ्या खेळाडूला मानधन किती द्यावं? सल्ला हवाय (सोलापूर)

होम_मैदान

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचा छोटा क्लब आहे. हंगामात सांगली, कोल्हापूर, लातूरकडच्या निमंत्रित स्पर्धा खेळतो. यंदा आमच्याच एका जुन्या खेळाडूनं, आता त्याचा टॉवेलचा कारखाना आहे, १,८०,००० रुपये दिलेत. प्रवास आणि किटचा खर्च वेगळा, हे पैसे फक्त मानधनाचे. मुख्य शूटरचे ४०,००० ठरले. अडलंय एका मुलापाशी.

वय २६. समोरच्या संघाचा जो सगळ्यात भारी खेळाडू असेल त्याला हाच मार्क करतो. स्वतःचे पॉइंट मॅचला चार. गेल्या वर्षी १०,००० घेतले. यंदा बाहेरगावच्या संघानं विचारलंय, म्हणून आमच्याकडे २५,००० मागतोय. कमिटीत पाच जण, त्यातले तिघं म्हणतात, "चार पॉइंटवाल्याला पंचवीस हजार कशाचे?" मी टेबलावर स्कोअर लिहितो, त्यामुळे तो काय करतो ते मला दिसतं, पण कागदावर दाखवता येत नाही. रविवारी बैठक आहे. कौतुक नको, हिशेब कसा मांडू ते सांगा.

रिबाउंडवाला

रुपयांत बोलूच नका, हिस्सा काढा. एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, असल्यामुळे तिथं प्रत्येकाचा पगार असाच बघतात.

अ‍ॅलेक्स करुसोचं बघा, त्याचीही ओळख बचावाचीच. २०२१ साली लेकर्सनं त्याला सोडलं आणि शिकागोनं चार वर्षांचे साधारण ३ कोटी ७० लाख डॉलर दिले. वर्षाचे काढले तर तेव्हाच्या कॅपचा बारावा हिस्सा. २०२४ साली ओक्लाहोमा सिटीनं त्याच्यासाठी जॉश गिडी हा तरुण गार्ड (बॉल हाताळणारा बाहेरचा खेळाडू) देऊन टाकला आणि डिसेंबरमध्ये करुसोशी चार वर्षांचा ८ कोटी १० लाखांचा करार केला. २०२५-२६ च्या कॅपशी ताडून बघितलं तर साधारण आठवा हिस्सा. तो मॅचला सातच्या आसपास पॉइंट करणारा माणूस! पण मे २०२५ मध्ये डेन्व्हरविरुद्ध मालिकेच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या मॅचला साडेसहा फुटांच्या आतल्या या गार्डला त्यांनी त्यांच्या मुख्य खेळाडूवर, सात फुटाला टेकलेल्या योकिचवर सोडलं. मॅच १२५-९३ जिंकली, पुढे विजेतेपदही घेतलं. मी ती मॅच दोनदा बघितली, दुसऱ्यांदा बॉलकडे न बघता फक्त करुसोकडे.

तुमच्या १,८०,००० चा बारावा हिस्सा १५,०००, आठवा २२,५००. तुमचा मुलगा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठं बसतो ते ठरवा.

डावा_कोपरा

मी कबड्डीवाला. २०२३ च्या प्रो कबड्डी लिलावात पवन सेहरावत या चढाईपटूवर तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख लावले. पुणेरी पलटणनं २ कोटी ३५ लाख देऊन शादलूई घेतला, त्याची ओळख डाव्या कोपऱ्यातल्या पकडीची. टायटन्स तळाला राहिले, पुणेरी पलटण विजेता. पवन कमी पडला असं मी म्हणणार नाही, चढाई करून आलेले गुण मागं गळत असतील तर एकटा काय करणार? तुमच्या तिघांना हे सांगा.

चौथा_क्वार्टर

दुसरी बाजूही बघा, नाहीतर भावनेच्या भरात जास्त द्याल. बचाव करणाऱ्याची किंमत त्याला आक्रमणात किती मोकळं सोडता येतं त्यावर घसरते. २०१५ साली मेंफिसच्या बचाववाल्या टोनी अ‍ॅलनचं तेच झालं. मालिकेत मेंफिस २-१ नं पुढे होता. चौथ्या मॅचला गोल्डन स्टेटनं त्याच्यावर आपला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) बोगट नेमला, आणि बोगट त्याच्याजवळ न जाता बास्केटखालीच उभा राहिला. अ‍ॅलनकडून शॉट पडेनात, त्याला बराच वेळ बाकावर बसवावं लागलं, मालिका ४-२ नं गेली. २०१७ साली ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेत आंद्रे रॉबर्सननं २१ पैकी फक्त ३ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) घातले. समोरचे मुद्दाम त्यालाच फाउल करतात, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत असा माणूस कोर्टवर ठेवणं अवघड.

उलट ब्रूस बोवेन, तोही बचाववाला, पण कोपऱ्यातून थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) टाकायचा. तेवढ्यावर तो सॅन अँटोनिओच्या तीन विजेतेपदांत पहिल्या पाचांत होता.

तर तुमच्या मुलाचे फ्री थ्रो किती? मोकळा सोडला तर कोपऱ्यातून टाकतो का? वयाची काळजी नको. ३१ व्या वर्षी बेन वॉलेस या बचाववाल्याला शिकागोनं चार वर्षांचे ६ कोटी डॉलर दिले आणि दोन वर्षांच्या आत दुसरीकडे पाठवला. तुमचा २६ चा आहे, शिवाय एकाच हंगामाचा प्रश्न आहे.

होम_मैदान

काल रात्री स्कोअरशीट काढून बसलो. फ्री थ्रो २९ पैकी २०. कोपऱ्यातून टाकतो, फार नाही. दोन मॅचला तो नव्हता, बहिणीचं लग्न होतं. तो असताना सात मॅचमध्ये आम्ही सरासरी ५८ पॉइंट खाल्ले, तो नसताना ७४.

चौथा_क्वार्टर

दोन मॅचवरून पैज लावू नका, समोर कोण होतं त्यावरही अवलंबून असतं. यंदा तो आत जाताना आणि बाहेर येताना स्कोअर वहीत टिपून ठेवा. पण ६९ टक्के फ्री थ्रो असतील तर शेवटी बसवायची वेळ येणार नाही. मी बारावा हिस्सा म्हणणार होतो, आता वर सरकतो.

धोटा

आमच्या घरी दोन पिढ्या यंत्रमाग. विणकराची मजुरी नगावर. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, एकही टॉवेल विणत नाही, पण माग बंद पडला की हाक त्यालाच, म्हणून त्याचा पगार महिन्यावर. तुमच्या कारखानदाराला हे एका वाक्यात कळेल. बैठकीला त्यालाच बोलवा.

आणि एक कळकळीनं सांगतो, स्टील (बॉल हिसकावणं) किंवा ब्लॉक (शॉट अडवणं) यामागे बोनस ठेवू नका. आमच्या कॉलेजच्या संघात ठेवला होता. पोरं बॉलवर झडप घालायला लागली, आपला माणूस सोडून. स्टील वाढले आणि मागून बास्केटजवळचे सोपे शॉट (ले-अप) बसायला लागले. चांगला बचाव करणारा बऱ्याचदा काहीच हिसकावत नाही, समोरच्याला नको त्या जागेवरून वाईट शॉट टाकायला लावतो. त्याचा हात मोकळा ठेवा, रक्कम ठरलेली द्या.

होम_मैदान

बैठक झाली. कारखानदार आले होते. जॉबरची गोष्ट सांगितल्यावर तेच उलट कमिटीला समजावायला लागले. २२,००० ठरले, निम्मे आधी, निम्मे तिसऱ्या स्पर्धेनंतर. कुठलाही बोनस नाही, बक्षिसाचा वाटा सगळ्यांना सारखा. तिघांपैकी एक अजून नाराज आहे, त्यांच्याकडे आत-बाहेरची वही सोपवली.

मुलाला फोन केला. तीन हजार कमी का म्हणून त्यानं विचारलंच नाही. म्हणाला, "दादा, पहिल्या स्पर्धेत ज्याला धरायचंय त्याचे व्हिडिओ आठ दिवस आधी द्या, तो कुठल्या हातानं आत शिरतो ते बघायचंय." पहिली स्पर्धा सांगलीला आहे. तिकडच्या मॅचचं शूटिंग कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.